मराठी पानावर इंग्रजी उरलेलं विजेट: एलिमेंटर आणि डब्ल्यूपीएमएलमध्ये अडकलेलं भाषांतर कसं सोडवायचं

भाषांतर शंभर टक्के पूर्ण झाल्याचं डॅशबोर्ड सांगतो. मराठी पान उघडलं की मथळा मराठी, परिच्छेद मराठी, पण कार्डाखाली ‘रीड मोअर’, फूटरमध्ये ‘क्विक लिंक्स’ आणि फॉर्म पाठवल्यावर आभारही इंग्रजीतच. मराठी वाचकाला अशी अर्धीमुर्धी मराठी दाखवणं मला पटत नाही. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठीच आपण मराठी पान केलेलं असतं आणि नेमकं बटणावरचं वाक्य त्याला वाचता येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण आधी कॅशे (पान लवकर दिसावं म्हणून साठवलेली तयार प्रत) साफ करतात, मग प्लगिन बंद-चालू करतात, मग पान पुन्हा भाषांतराला टाकतात. कधी त्याने काम होतं, पण का झालं ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला तेच दुखणं परत येतं. माझं सांगणं एवढंच आहे, की उपाय करण्याआधी ते वाक्य नक्की कुठे साठवलेलं आहे ते शोधा. जागा सापडली की उपाय जवळजवळ ठरलेला असतो.

हा लेख वर्डप्रेस, एलिमेंटर (पानं बांधण्याचं प्लगिन) आणि डब्ल्यूपीएमएल (साइट अनेक भाषांत करण्याचं प्लगिन) या जोडणीबद्दल आहे. एलिमेंटरचं पान ज्या तुकड्यांनी बनतं, म्हणजे मथळा, बटण, फॉर्म, त्यांना विजेट म्हणतात. उदाहरण म्हणून हापूसच्या पेट्या विकणाऱ्या एका बागेची साइट धरू. मूळ पानं इंग्रजीत, भाषांतर मराठीत. काम सुरू करण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि जमलं तर चालू साइटऐवजी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठी केलेल्या प्रतीवर, प्रयोग करा.

एलिमेंटर मजकूर ठेवतं कुठे

साध्या वर्डप्रेस पानाचा मजकूर पोस्टच्या मुख्य रकान्यात असतो. एलिमेंटरचं पान मात्र पोस्टमेटा टेबलात ‘_एलिमेंटर_डेटा’ या नावाखाली एका लांबलचक जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत) मजकुराच्या रूपात साठतं. त्यात प्रत्येक विजेटला स्वतःचा छोटा आयडी असतो, विजेटचा प्रकार असतो आणि ‘सेटिंग्ज’मध्ये तुम्ही भरलेला मजकूर, रंग, लिंक असं सगळं असतं. मुख्य रकान्यातही एलिमेंटर एक साधी प्रत ठेवतं, पण पान दाखवताना ती वापरत नाही. म्हणून पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस उघडून बघण्याचं साधन) जाऊन त्या प्रतीत दुरुस्ती केली तर समोर काहीच बदलत नाही.

इथे मराठीपुरती एक अडचण आहे आणि ती माहीत नसेल तर माणूस तासन्‌तास चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो. या जेसनमध्ये देवनागरी अक्षरं जशीच्या तशी नसतात. ‘हापूस’ हा शब्द तिथे बॅकस्लॅश, यू आणि मग युनिकोडचा चार चिन्हांचा क्रमांक, अशा पाच तुकड्यांत साठलेला असतो. त्यामुळे डेटाबेसमध्ये ‘हापूस’ शोधलं तर मुख्य रकान्यातली निरुपयोगी प्रत सापडते आणि खरी नोंद सापडत नाही. शोधून-बदलणारी साधनंही इथे फसतात. डेटाबेसमध्ये शोधायचंच असेल तर मूळ इंग्रजी वाक्य किंवा विजेटचा आयडी शोधा.

डब्ल्यूपीएमएल हे जेसन वाचतं, त्यातली भाषांतराची वाक्यं वेगळी काढून स्ट्रिंग (भाषांतराचा एकेक तुकडा) म्हणून नोंदवतं आणि भाषांतर पूर्ण झालं की मराठी पानासाठी नवं जेसन तयार करतं. कोणत्या विजेटमधलं कोणतं फील्ड भाषांतराचं आहे, हे त्याला आधीच सांगितलेलं असावं लागतं. एलिमेंटरची स्वतःची विजेट्स त्याला ठाऊक आहेत. बाहेरून घेतलेल्या अ‍ॅड-ऑनमधली सगळीच ठाऊक असतील असं नाही.

पायरी १: वाक्याचा पत्ता काढा

मूळ इंग्रजी पान एलिमेंटरमध्ये उघडा आणि अडलेल्या वाक्यावर क्लिक करा. डाव्या पॅनेलमध्ये काय दिसतं ते नीट बघा.

वाक्य पॅनेलमधल्या चौकटीत दिसतं आणि तिथेच बदलता येतं, तर ते या पानाच्या विजेटचं आहे: पायरी २. क्लिकच होत नाही किंवा दुसरं टेम्प्लेट उघडायला सांगतं, तर ते हेडर, फूटर, पॉपअप, ग्लोबल विजेट (अनेक पानांवर वापरलेलं एकच विजेट) किंवा लूपच्या (प्रत्येक पोस्टसाठी तेच कार्ड पुन्हा दाखवणाऱ्या) टेम्प्लेटमधलं आहे: पायरी ४. चौकटीत वाक्याऐवजी डायनॅमिक टॅगची पट्टी आहे, तर मजकूर दुसरीकडून येतो: पायरी ५. विजेट निवडलं जातं पण ते वाक्य कोणत्याच चौकटीत नाही, तर ते प्लगिनच्या कोडात आहे: पायरी ६.

आणखी एक तपासणी करा. मराठी पानाचा सोर्स उघडून त्यात वाक्य शोधा. समोर दिसतंय पण सोर्समध्ये नाही, याचा अर्थ ते जावास्क्रिप्टने नंतर आणून टाकलेलं आहे. काउंटडाउनमधले ‘डेज’, ‘अवर्स’ किंवा ‘लोड मोअर’ दाबल्यावर येणारी कार्डं अनेकदा अशी असतात. कुठेच सापडलं नाही तर ते चित्रातच लिहिलेलं आहे का बघा. बॅनरवरची अक्षरं चित्रात भाजलेली असतील तर मराठी बॅनर वेगळा करून डब्ल्यूपीएमएलच्या मीडिया ट्रान्सलेशनमधून जोडण्याला पर्याय नाही.

पायरी २: वाक्य विजेटमध्ये आहे, पण भाषांतराच्या एडिटरमध्ये येत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा थांबून बघू.

पहिलं कारण म्हणजे तुम्ही न बदललेला डीफॉल्ट मजकूर. एलिमेंटर सेव्ह करताना डीफॉल्टपेक्षा वेगळी मूल्यंच साठवतं. पोस्ट्स विजेटमध्ये बटणाचा मजकूर मुळातच ‘रीड मोअर’ असतो. तुम्ही त्याला हात लावला नाहीत, तर पॅनेलमध्ये तो दिसत राहतो, पण जेसनमध्ये त्याची नोंदच नसते. जे साठलेलंच नाही ते डब्ल्यूपीएमएल नोंदवणार कसं? उपाय साधा आहे. मजकूर थोडा बदला, म्हणजे ‘रीड मोअर’च्या जागी ‘रीड द फुल स्टोरी’ करा आणि पान अपडेट करा. आता तो साठला आणि भाषांतरातही आला. आमच्या आंब्याच्या साइटवर तर ‘सी धिस व्हरायटी’ असं काही लिहिलं तर मूळ इंग्रजी पानही सुधारतं. कोणतंही पान भाषांतराला पाठवण्याआधी बटणं, टॅब, अ‍ॅकॉर्डियन आणि फॉर्म यांतले डीफॉल्ट शब्द एकदा स्वतः भरून घेण्याची सवय लावली तर या तक्रारी खूपच कमी होतात.

दुसरं कारण, विजेट बाहेरच्या अ‍ॅड-ऑनचं आहे आणि डब्ल्यूपीएमएलला ते माहीत नाही. समजा बागेच्या साइटवर ‘किंमत-कार्ड’ असं बाहेरचं विजेट आहे. त्यात एक शीर्षक, एक बटण आणि खाली मुद्द्यांची यादी आहे. या विजेटची ओळख करून द्यायची तर त्याचं आणि त्याच्या फील्डांचं आतलं नाव हवं. डेटाबेसमध्ये न शिरता ते मिळवता येतं. ते सेक्शन टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, टेम्प्लेट्सच्या यादीतून एक्सपोर्ट करा आणि आलेली जेसन फाइल नोटपॅडमध्ये उघडा. त्यात तुमचं इंग्रजी वाक्य शोधा. वाक्याच्या लगेच आधी अवतरणात जे नाव आहे ते फील्डचं. त्याच विजेटच्या नोंदीत ‘विजेटटाइप’पुढे जे आहे ते विजेटचं. मुद्द्यांची यादी चौकटी कंसात, प्रत्येक मुद्द्याला स्वतःचा आयडी असलेली दिसली, तर तो रिपीटर (तीच फील्ड्स हवी तितक्या वेळा भरता येणारी यादी) आहे. त्या यादीचं नावही टिपून ठेवा.

मग डब्ल्यूपीएमएलच्या सेटिंग्जमध्ये ‘कस्टम एक्सएमएल कॉन्फिगरेशन’ या टॅबवर जा. सगळ्यात बाहेर डब्ल्यूपीएमएल-कॉन्फिग हा टॅग, त्यात एलिमेंटर-विजेट्स, त्यात विजेट (आतलं नाव इथे द्यायचं), त्यात फील्ड्स आणि प्रत्येक वाक्यासाठी एक फील्ड, अशी रचना असते. फील्डसोबत एडिटरचा प्रकार सांगता येतो. एका ओळीच्या मजकुराला ‘लाइन’, मोठ्या मजकुराला ‘एरिया’, फॉरमॅटिंग असलेल्याला ‘व्हिज्युअल’ आणि पत्त्याला ‘लिंक’. रिपीटरमधली वाक्यं साध्या फील्ड्समध्ये लिहिली तर ती कधीच उचलली जात नाहीत. त्यांच्यासाठी ‘फील्ड्स-इन-आयटम’ हा वेगळा टॅग आहे आणि त्यात कोणत्या यादीतले ते सांगावं लागतं. ‘शीर्षक भाषांतरात आलं, मुद्दे नाही आले’ ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा गोम इथेच असते. रिपीटरच्या आत आणखी रिपीटर असेल तर एक्सएमएल पुरत नाही, पीएचपीमध्ये क्लास लिहावा लागतो. ते काम डेव्हलपरकडे द्या.

नावं अक्षरन्‌अक्षर तशीच हवीत. हायफनच्या जागी अंडरस्कोर पडला तरी डब्ल्यूपीएमएल काही चूक दाखवत नाही, वाक्य फक्त गायब राहतं.

एक्सएमएल सेव्ह केल्यावर लगेच काही दिसणार नाही, कारण वाक्यं नोंदवली जातात ती मूळ पान सेव्ह होताना. मूळ पान एलिमेंटरमध्ये उघडा, कुठेतरी लहानसा बदल करा, अपडेट करा आणि मग मराठी भाषांतर उघडा. नवी वाक्यं आता यादीत असतील.

तिसरं कारण कमी वेळा येतं. डब्ल्यूपीएमएलचं स्ट्रिंग ट्रान्सलेशन हे जोड-प्लगिन बंद असतं. पेज बिल्डरचा सगळा कारभार त्यावर चालतो, म्हणून ते चालू आहे ना, ते प्लगिनच्या यादीत बघा.

पायरी ३: भाषांतर केलंय, पण पानावर जुनंच दिसतं

आधी भाषांतराच्या एडिटरमध्ये जाऊन काम खरोखर पूर्ण झालंय का ते पाहा. एखादं वाक्य भरलेलं असतं, पण पूर्ण म्हणून खूण केलेली नसते आणि अख्खं भाषांतर पानापर्यंत पोचत नाही.

ते ठीक असेल तर कॅशे, पण आतून बाहेर अशा क्रमाने. एलिमेंटरच्या टूल्समध्ये फाइल्स आणि डेटा साफ करण्याचं (जुन्या आवृत्त्यांत पुन्हा तयार करण्याचं) बटण आहे, ते आधी. एलिमेंटरच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये एलिमेंट कॅशिंग चालू असेल तर विजेटचं तयार एचटीएमएलच साठलेलं असतं, त्यामुळे चाचणीपुरतं ते बंद करा. मग सर्व्हरवरचं ऑब्जेक्ट कॅशे, मग पेज कॅशेचं प्लगिन आणि शेवटी सीडीएन (साइटच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा). उलट क्रमाने साफ केलं तर बाहेरचा थर आतला जुना मजकूर पुन्हा उचलून ठेवतो. तपासताना लॉगिन नसलेली प्रायव्हेट विंडो वापरा, कारण लॉगिन केलेल्याला बऱ्याचदा कॅशे लागूच होत नाही.

आता सगळ्यात मनस्ताप देणारा प्रकार. कुणीतरी मराठी पान थेट एलिमेंटरमध्ये उघडून दुरुस्त्या करतं. चार दिवसांनी इंग्रजी पानात किंमत बदलते, भाषांतर अपडेट होतं आणि हाताने केलेल्या सगळ्या दुरुस्त्या पुसल्या जातात. कारण भाषांतराचा एडिटर मराठी पान दर वेळी मूळ पानावरून नव्याने बांधतो. म्हणून प्रत्येक पानासाठी एकच रस्ता ठरवा. भाषांतराच्या एडिटरचा रस्ता असेल तर मराठी पानाला एलिमेंटरमध्ये हात लावायचा नाही. मराठी पानाची मांडणीच वेगळी हवी असेल, तर भाषेच्या चौकटीतलं डब्ल्यूपीएमएल एडिटरचं बटण बंद करा आणि तेव्हापासून ते पान पूर्ण हातानेच सांभाळा. ग्राहकाकडे साइट सोपवताना हे लेखी द्या, कारण ही चूक साइट सोपवल्यानंतरच होते.

विजेट काढून तसंच नवं टाकलं किंवा डुप्लिकेट केलं तर त्याला नवा आयडी मिळतो. स्ट्रिंगची ओळख या आयडीवर असल्यामुळे जुनं भाषांतर नव्या विजेटला आपोआप चिकटत नाही. वाक्य हुबेहूब तेच असेल तर ट्रान्सलेशन मेमरी (आधी केलेल्या भाषांतरांचा साठा) ते सुचवते. डिझाइन पक्कं होईपर्यंत भाषांतराला हात न घालणं हेच शहाणपणाचं.

पायरी ४: हेडर, फूटर, पॉपअप आणि ग्लोबल विजेट

हे सगळे टेम्प्लेट आहेत आणि टेम्प्लेट म्हणजे स्वतंत्र पोस्ट. पानाच्या भाषांतरात ते येत नाहीत, त्यांचं भाषांतर वेगळं करावं लागतं. डब्ल्यूपीएमएलच्या सेटिंग्जमध्ये पोस्ट टाइप्सच्या यादीत ‘माय टेम्प्लेट्स’ भाषांतरासाठी खुलं आहे का ते बघा, मग ट्रान्सलेशन मॅनेजमेंटमधून टेम्प्लेट पाठवा.

डिस्प्ले कंडिशन फक्त मूळ भाषेच्या टेम्प्लेटवर लावा. मराठी टेम्प्लेटवर वेगळी कंडिशन लावली की दोन टेम्प्लेटमध्ये ओढाताण होते आणि कधी मराठी फूटर इंग्रजी पानावर दिसायला लागतो. मेनू विजेटमध्ये दिसणारा मेनू ही आणखी वेगळी वस्तू आहे. तो मेनूच्या स्क्रीनवर किंवा मेनू सिंकमधून मराठीत करावा लागतो.

पायरी ५: डायनॅमिक मजकूर, याद्या आणि फॉर्म

डायनॅमिक टॅगमधलं वाक्य जिथून येतं तिथेच भाषांतरित करा. साइटचं शीर्षक स्ट्रिंग ट्रान्सलेशनमध्ये मिळेल. एसीएफचं (पोस्टला जास्तीची फील्ड्स जोडणारं प्लगिन) फील्ड असेल तर एसीएफएमएल हे जोड-प्लगिन लावून फील्ड गटाच्या भाषांतराचा पर्याय निवडा. दोन्ही भाषांत तीच फील्ड्स असतील तर तसा तयार पर्याय तिथे आहे.

बाहेरच्या विजेटमधली पोस्टची यादी दोन्ही भाषांतल्या पोस्ट एकत्र दाखवत असेल, तर त्याची क्वेरी डब्ल्यूपीएमएलची गाळणी टाळतेय. वर्डप्रेसच्या ‘गेट पोस्ट्स’ या फंक्शनमध्ये ‘सप्रेस फिल्टर्स’ हे मूल्य मुळातच चालू असतं आणि ते बंद करावं लागतं. विजेटमध्ये एखाद्या टेम्प्लेटचा किंवा फॉर्मचा आयडी कोडात पक्का लिहिलेला असेल, तर तो ‘डब्ल्यूपीएमएल ऑब्जेक्ट आयडी’ या फिल्टरमधून काढायला डेव्हलपरला सांगा. ‘लोड मोअर’नंतर भाषा बदलत असेल तर डब्ल्यूपीएमएलच्या भाषांच्या पानावर एजॅक्ससाठी (पान पुन्हा न उघडता मजकूर आणण्यासाठी) भाषेची कुकी ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करून बघा.

फॉर्म मात्र भरून बघितल्याशिवाय तपासला असं म्हणू नका. एलिमेंटरच्या फॉर्ममध्ये लेबलं आणि बटण भाषांतरात येतात, पण ‘फॉर्म पोचला’ आणि ‘हे भरणं आवश्यक आहे’ हे संदेश अतिरिक्त पर्यायांमधलं ‘कस्टम मेसेजेस’ चालू करून भरल्याशिवाय साठत नाहीत. पायरी २ मधला डीफॉल्टचाच नियम इथेही लागू होतो. ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलचा विषय आणि मजकूरही बघा. पेटीची ऑर्डर मराठीत नोंदवणाऱ्याला पोच इंग्रजीत गेली, तर त्याचा पहिला प्रश्न ‘ऑर्डर पोचली का?’ हाच असतो.

पायरी ६: प्लगिनच्या कोडातली वाक्यं

ही वाक्यं प्लगिनच्या भाषा-फाइलमधून येतात. आधी साइटच्या मराठीचा लोकेल कोड, म्हणजे भाषा-फाइल निवडण्यासाठीचा भाषेचा कोड, तपासा. वर्डप्रेसमध्ये मराठीचा कोड नुसता ‘एमआर’ आहे. हिंदीला पुढे ‘आयएन’ लागतं म्हणून मराठीलाही ते जोडलं, तर एकही भाषा-फाइल लागू होत नाही आणि कॅलेंडरच्या महिन्यांपासून सगळं इंग्रजी राहतं. डब्ल्यूपीएमएलच्या यादीत मराठी सापडली नाही आणि तुम्ही ती स्वतः जोडलीत, तर ही चूक हमखास होते. शोधयंत्रांना पानाची भाषा सांगणारा एचरेफलँग कोड वेगळा रकाना आहे, तिथे देशासह लिहिलं तरी चालतं.

कोड बरोबर असूनही वाक्य इंग्रजीच असेल, तर त्या प्लगिनचं मराठी भाषांतर अपुरं आहे. डब्ल्यूपीएमएलच्या ‘थीम अँड प्लगिन्स लोकलायझेशन’मधून प्लगिन स्कॅन करा आणि स्ट्रिंग ट्रान्सलेशनमध्ये हवं ते वाक्य भाषांतरित करा. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातलं प्लगिन असेल, तर वर्डप्रेसच्या भाषांतर संकेतस्थळावर तेच भाषांतर सुचवा, ही माझी कळकळीची विनंती. प्लगिनचं ९० टक्के भाषांतर मंजूर झालं की त्याचा भाषा-संच तयार होतो आणि मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकाला तो आपोआप मिळतो.

पायरी ७: लिंक आणि देवनागरीची ठेवण

बटणाच्या लिंकमध्ये हॅशपुढे जो शब्द असतो त्याचं भाषांतर करू नका. एलिमेंटरच्या मेनू अँकरमध्ये (लिंकने जिथे पोचायचं त्या पानातल्या जागेच्या नावात) रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवायचा असेल तर तो छोटा ठेवा. डेटाबेसमध्ये त्याला २०० वर्णांची जागा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, ९ वर्ण खातं. म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता कापला जातो.

मराठी विजेट मूळ विजेटची शैली जशीच्या तशी घेतं. इंग्रजी मथळ्याला लेटर-स्पेसिंग दिलेलं असेल तर मराठीत शिरोरेखा तुटून शब्दाची लक्तरं होतात. लाइन-हाइट कमी असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. भाषांतराच्या एडिटरमधून हे दुरुस्त होत नाही. कस्टमायझरच्या अतिरिक्त सीएसएसमध्ये मराठी भाषेपुरता नियम लिहा: लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट मोठी. फॉन्टही तिथेच बदला. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या. नोटो सान्स देवनागरीतही ही वळणं आहेत, पण पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी लिहिलेली असेल तरच ब्राउझर ती दाखवतो. तिथे भाषा दुसरीच लिहिलेली असेल तर अक्षरं हिंदी वळणाची येतात.

एवढं करूनही अडलं तर

मदत मागताना पानाचा पत्ता, विजेटचं आतलं नाव, एक्सपोर्ट केलेली जेसन फाइल, तुमचं एक्सएमएल आणि डब्ल्यूपीएमएलच्या सपोर्ट पानावरची डीबग माहिती एकत्र द्या. ट्रबलशूटिंग पानावरचं कॅशे साफ करण्याचं बटण निर्धोक आहे. भाषांतराच्या टेबलांतल्या भुताळी नोंदी (ज्यांची मूळ पोस्ट उरलेली नाही अशा) काढण्याचं बटण मात्र बॅकअप घेतल्यावरच दाबा. आणि ज्या विजेटसाठी एक्सएमएल लिहिलंत त्याच्या निर्मात्यांना ते पाठवा. त्यांनी ते आपल्या प्लगिनमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये घेतलं की तुमच्या सेटिंग्जमधली नोंद काढून टाका आणि मूळ पान एकदा पुन्हा सेव्ह करून सगळी वाक्यं जागेवर आहेत ना, ते बघा.